दोरा सुटेपर्यंत

भित्र्या माणसाने वॉचमन होऊ नये असा कायदा नाही. असता तर आमच्या बिरप्पाला जुळे सोलापुरात कोणी फाटकावर उभं केलं नसतं. सोसायटीच्या फाटकाला लागूनच माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळे हा माणूस दिवसभर माझ्या डोळ्यांसमोर असतो. उंचापुरा गडी, मिशा अशा की नवखा माणूस हॉर्न वाजवायलाही कचरतो. पण आतून सगळा कारभार पोकळ. कुत्रं भुंकलं की हा खुर्ची उचलून माझ्या दुकानात. एकदा लिफ्टमध्ये अडकला, तेव्हापासून चौथ्या मजल्यावर पार्सल द्यायचं असलं तरी जिन्यानेच जातो.

पण कुत्रं आणि लिफ्ट हे वरवरचं झालं. त्याची खरी भीती माणसांची, आणि त्याहून जास्त माणसांच्या देवांची.

बिरप्पा धनगर, मैंदर्गीच्या पुढच्या एका वाडीतला. चराईची रानं गेली तशी मेंढरं विकली आणि बायको निंगव्वा, लेक सुकन्या यांना घेऊन शहरात आला. पहिली खोली मिळाली ती एका शाकाहारी घरमालकाकडे. तुम्ही खाता का, असं त्याने विचारलं, आणि बिरप्पाने कानाला हात लावून नाही म्हणून सांगितलं. पुढच्याच रविवारी वास सुटला आणि संध्याकाळच्या आत बिऱ्हाड रस्त्यावर आलं. त्या दिवसापासून त्याने एक धडा गिरवला: समोरचा ज्या देवाचा, आपणही त्याच देवाचे. पहिल्या मजल्यावरच्या लिंगायत आजी दिसल्या की ‘शरणु शरणार्थी’ आणि कपाळाला विभूती. दुसऱ्या मजल्यावर ‘जय जिनेंद्र’. पद्मशाली समाजाचा मार्कंडेयाचा रथ निघाला की हा गर्दीत सगळ्यांच्या पुढे. भाजीवाला रशीद आला की सलाम, आणि संध्याकाळी कट्ट्यावर पोरं जमली की ‘जय श्रीराम’. मी एकदा म्हटलं, बिरप्पा, तू आता निवडणुकीलाच उभा राहा. त्याने हात जोडले. सोलापुरात सगळेच मालक, भाडेकरूसुद्धा, तसा मीही त्याचा मालकच. मालक, मस्करी करू नका, गरिबाला समदे देव लागतात, असं तो म्हणाला, आणि कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे वळून पाहिलं.

या सगळ्यात एक देव मात्र त्याचा स्वतःचा होता आणि त्याच्याबद्दल तो चकार शब्द काढत नसे.

सुकन्या रांगत होती तेव्हा तिला एकाएकी झटके आले. डोळे पांढरे, हातपाय ताठ. मोहरमचे दिवस होते आणि वाडीत पीर, म्हणजे मोहरमचा पंजा, बसला होता. दवाखाना लांब, गाडी नाही. निंगव्वाने पोर उचलून पिरापुढे नेऊन ठेवली आणि बिरप्पाने नवस बोलला, की लेक वाचली तर जन्मभर दर मोहरमला फकीर होईन. पोरीने डोळे उघडले. तेव्हापासून दरवर्षी मोहरमच्या पाचव्या दिवशी पिराची सेवा करणारा मुजावर त्याच्या मनगटाला हिरवा-लाल दोरा बांधतो. मग हा अनवाणी राहतो, वाडीतल्या पाच घरी पीठ मागतो, मलिदा करून पिरापुढे ठेवतो. दहाव्या दिवशी पिरासमोर दोरा सुटतो आणि फकिरी संपते. त्या वाडीत यात नवल काहीच नाही. मुसलमानाचं घर एकच आहे, ते मुजावराचं. पीर उचलणारे खांदे धनगरांचे आणि लिंगायतांचेच असतात.

पण बिरप्पाच्या आज्याने घरात एक दंडक घालून ठेवला होता. दोरा हातात असेपर्यंत खोटं बोलायचं नाही. बोललं तर ज्याच्यासाठी नवस, त्यालाच बाधतं.

आता बघा, वर्षभर ज्याचं सगळं ‘व्हय मालक’वर चालतं, त्याला तेवढे दिवस खोटं बोलायची बंदी. म्हणून तर तो दरवर्षी रजा टाकून गावी पळायचा. विचारलं तर निघायच्या आधीच सांगून ठेवायचा की गावाकडं देवाचं हाय. इतकंच. मला हे सगळं कळलं ते या वर्षी, जेव्हा त्याला दोरा बांधलेल्या हातानेच शहरात परत यावं लागलं.

परत बोलावलं उदयसिंहाने. उदयसिंह म्हणजे आमच्या चेअरमनचा मुलगा. रात्री-अपरात्री कोणाला रक्त लागलं की हा धावणार. सुकन्या नर्सिंग शिकली, तिला दवाखान्यात नोकरी लागली, ती यानेच शब्द टाकला म्हणून. तिच्यासाठी स्थळही यानेच आणलं. मुलगा अमृत, वीज खात्यात लाइनमन. घरची केळीची बाग, उजनीच्या पाण्याकाठी. धनगराचंच घर, देणंघेणं काही नाही. बापाला आणखी काय हवं असतं?

असा हा उदयसिंह. पण गेल्या वर्षी पलीकडच्या टायरच्या दुकानातल्या एका पोराने दर्ग्याच्या उरुसातला आपला फोटो स्टेटसला ठेवला होता. पोरगा तेल्याचा, रोज मारुतीला जाणारा. उदयसिंहाच्या कट्ट्यावरच्या पोरांनी त्याला आमच्या फाटकासमोर आणलं, कान धरायला लावले आणि ‘चूक झाली, पुन्हा जाणार नाही’ असं मोबाइलसमोर म्हणायला लावलं. रात्रीपर्यंत तो व्हिडिओ सगळ्या शहराने पाहिला. पोराचं काम सुटलं आणि महिन्याभरात ते घरच सोलापूर सोडून गेलं. त्या दिवशी बिरप्पा फाटक धरून उभा होता, आणि त्याच्या हातातलं फाटक वाजत होतं.

या वर्षी मोहरमच्या पाचवीला सकाळी वाडीत दोरा बांधून झाला आणि दुपारी उदयसिंहाचा फोन गेला. पाहुणे रविवारी येतायत, अमृतला तेवढीच सुट्टी आहे, मामा तुम्ही लगेच निघा. दहावी रविवारच्या पुढे होती. बिरप्पाला नाही म्हणता येईना, कारण का नाही हे सांगावं लागलं असतं. संध्याकाळच्या एस.टी.ने तो परत आला. भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून माझ्या दुकानात शिरला, दाराकडे पाठ केली आणि बाहीचं बटण काढून मला मनगट दाखवलं.

सगळं ऐकून मी म्हटलं, कापून टाक. तुझ्या पिराकडे काय सीसीटीव्ही आहे? तो हात छातीशी धरून मागे सरकला, जणू मी कात्री घेऊनच बसलोय.

“मालक, कापला तर पोरगी जाईल. ठिवला तर पोरीचं लगीन जाईल. सांगा, काय करू?”

मी उठून शटर अर्धं खाली ओढलं.

दुसऱ्या दिवशी सुकन्या आली. ड्युटीवरून परस्पर आली होती. काका, तो तापातला झटका होता, ती म्हणाली, लहान मुलांना येतो आणि बहुतेकांचा आपोआप थांबतो, वॉर्डात मी नेहमी बघते. मग आवाज आणखी खाली घेऊन म्हणाली, माझा या कशावरच विश्वास नाही. हे सांगताना तिनेही बापासारखंच मागे वळून पाहिलं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. या घरात ज्याचा विश्वास आहे तोही लपवतो आणि जिचा नाही तीही लपवते. काल रात्री आप्पा झोपले होते तेव्हा मी कात्री घेऊन जवळ गेले होते, ती म्हणाली, पण त्यांनी झोपेतसुद्धा दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मी कात्री ठेवून दिली. आप्पांनी ज्याच्यावर माझा जीव टांगलाय ते मी कसं तोडू?

शेवटी आम्ही ठरवलं की बिरप्पाने बोलायचंच नाही. घसा बसलाय असं मी सांगायचं, म्हणजे खोटं माझ्या खात्यावर. निंगव्वाने शर्टाच्या दोन्ही बाह्या मनगटाशी सुईदोऱ्याने शिवून टाकल्या.

रविवारी उदयसिंहाने सोसायटीचा हॉल उघडून दिला. खुर्च्या, पंखे, पोहे, सगळं त्यानेच पाहिलं. त्याची पोरं ताटल्या फिरवत होती, तीच गेल्या वर्षीची. पाहुणे तिघंच: अमृत, त्याचे वडील कुंडलिक आणि आई सोजरबाई. कुंडलिकराव पांढऱ्या कपड्यातले, कमी बोलणारे. बिरप्पा खुर्चीच्या कडेला टेकला होता, उजवा हात डाव्याखाली दाबून. मी घशाचं सांगितलं. उदयसिंह काळजीने म्हणाला, मामा, आधी नाही का सांगायचं, औषध आणलं असतं. बिरप्पाने जमिनीकडे पाहिलं. हो नाही, नाही नाही. त्याच्या कानामागून घाम गळ्यात उतरत होता आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

सुकन्या आली, बसली. सोजरबाईंनी नाव विचारलं, काम विचारलं, रात्रपाळी असते का ते विचारलं आणि आपणहून तिला शेजारी ओढून घेतलं. अमृतने एकदाच वर पाहिलं, पण त्या एकदात सगळं आलं. मला वाटलं, जमलं. कुंडलिकरावांनी खिशातून पुडी काढली. आपण बिरुबाची माणसं, आधी भंडारा, असं म्हणून त्यांनी बिरप्पाच्या कपाळाला हळद लावली आणि व्याही भेटतात तशी कडकडून मिठी मारली.

त्या मिठीत बाहीची शिवण उसवली.

मोकळं होताना बाही कोपरापर्यंत सरकली आणि हिरवा-लाल दोरा सगळ्यांनी पाहिला. उदयसिंहाने विचारलं, “मामा, हे काय बांधलंय?”

साधंच विचारलं त्याने. पण पोह्यांच्या ताटल्या घेऊन फिरणारी पोरं जागच्या जागी थांबली. कुंडलिकरावांनी दोऱ्याकडे नजर टाकली आणि कोणी काही बोलायच्या आत ते म्हणाले, बिरुबाचा आसंल की. फार पटकन म्हणाले.

“बिरोबाचा आणि हिरवा?” उदयसिंह बिरप्पाकडे बघत होता. “होय का, मामा?”

एका ‘व्हय’चा प्रश्न होता. जन्मभर ज्याने जिभेवर दुसरा शब्द ठेवला नाही, त्याच्याकडून एक ‘व्हय’ हवा होता, की लग्न जमलं, नोकरी राहिली, खोली राहिली. ‘हूं अन्री,’ निंगव्वा दारातून कानडीत पुटपुटली, हो म्हणा म्हणून. बिरप्पाचे ओठ हलले. त्याने सुकन्याकडे पाहिलं. ती मान हलवत होती, म्हणा, म्हणा.

“न्हाय मालक,” तो म्हणाला. “पिराचा हाय.”

मग उरलेलंही त्याच्या तोंडून बाहेर पडलं. झटके, नवस, फकिरी, सगळं. “दहावीपातुर मला खोटं बोलाय येत न्हाय. लई भ्या वाटतंय, पर येत न्हाय.”

बिरप्पा त्या दिवशी शूर झाला असं कोणी म्हणू नये. त्याला दोन भीती होत्या आणि तो मोठीच्या बाजूने गेला, एवढंच.

कुंडलिकराव उठले. येतो आमी, कळवतो, म्हणाले. मुलगी बघायला आलेल्यांच्या तोंडचं ‘कळवतो’ म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सोजरबाईंनी सुकन्याचा हात सोडला तो नवऱ्याने दुसऱ्यांदा हाक मारल्यावर.

पाहुण्यांची गाडी वळली आणि उदयसिंह दोन पोरांना घेऊन फाटकावर आला. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो समजुतीने बोलत होता. मामा, पाहुण्यांसमोर माझी मान खाली गेली, पोरांना मी काय सांगू? फार काही नको, चूक झाली, पुन्हा जाणार नाही, एवढंच म्हणा आणि विषय संपवा. बोलता बोलता त्याने मोबाइल वर धरला. मी काउंटरच्या मागेच उभा राहिलो. मधे पडावं असं वाटत होतं. पण माझं दुकान त्यांच्याच भिंतीला आहे.

बिरप्पाने मोबाइलकडे पाहिलं आणि हात जोडले.

“म्हन्तो की मालक. तुमी सांगाल ते म्हन्तो. पर दहावी हुंद्या. दोरा सुटला की मीच येतो. आत्ता म्हटलं तर ते खोटं हुईल.”

एक पोरगा फिसकन हसला आणि हसता हसता गप्प झाला. बिरप्पाने टोमणा मारला नव्हता. टोमणा मारण्याइतका दम त्याच्यात असता तर ही वेळच आली नसती. तो अगदी मनापासून मुदत मागत होता. उदयसिंहाने मोबाइल खाली घेतला. मग म्हणाला, ठीक आहे, दहावी झाली की या.

मधले दिवस वाईट गेले. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी त्याच्याकडे पाहणं टाळलं. कट्ट्यावरची पोरं जाता येता मोबाइल वर धरून दाखवायची आणि बिरप्पा खुर्चीतून अर्धा उठायचा. तो अनवाणी फाटक उघडत होता, लावत होता. निंगव्वाने भांडी-कपडे गाठोड्यात बांधून ठेवले होते, केव्हा निघा म्हणतील त्याचा नेम नाही म्हणून.

अशात कुंडलिकरावांचा फोन आला. बिरप्पाने मोबाइल माझ्यापुढे केला, मीच तो स्पीकरवर लावून धरला. बागेतून बोलत असावेत, मागे पाण्याची मोटर चालू होती आणि ते मुद्दाम तिच्या आवाजाआड बोलत होते.

“पोरगी आमाला पसंत हाय. पाव्हणं, आमच्यातबी मोहरमला पिराची सवारी बसती. माझ्या बापानं उचललीया, मीबी उचललीया. आमी कुटं सांगत न्हाय, तुमी सांगितलं. आता एकच करा. ह्याचा गवगवा हू देऊ नका. व्हिडिओ-बिडिओ निघाला तर भावकी मांडवात येणार न्हाय, मग माझ्या हातात काय ऱ्हानार न्हाय.”

फोन ठेवल्यावर बिरप्पा आधी रडला, मग त्याला दहावीनंतरचा व्हिडिओ आठवला. मी म्हटलं, तू गावाला जा आणि परत येऊच नकोस, लग्न होईपर्यंत वाडीतच राहा. तो मान हलवत राहिला. येतो म्हणून शब्द दिलाय मालक, आणि दोरा हातात असताना दिलाय, तो म्हणाला. म्हणजे तोसुद्धा खोटा करून चालणार नव्हतं. खरं बोलून स्थळ राहिलं होतं, आणि त्याच खरेपणापायी आता खोटं बोलायला जायचं होतं, आणि ते बोलला की स्थळ मोडणार होतं. मी डोकं धरून बसलो. असला तिढा घालणाऱ्या आज्याला माझा दंडवत.

दहावीला तो वाडीत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. मनगट मोकळं होतं. खोलीवरही गेला नाही. उदयसिंह फाटकात हेल्मेट चढवत होता, त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. मी दुकानातून बाहेर आलो. या वेळी माझेही पाय का कोण जाणे थांबले नाहीत, मी बिरप्पाच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

“आलो मालक. दोरा सुटला. काढा मोबाइल, आता खोटं बोलतो.”

आणि कोणी न सांगता त्याने आपले कान धरले. गॅलऱ्यांमधून माणसं बघत होती. पाण्याच्या टाकीपाशी निंगव्वा तोंडात पदर धरून उभी होती. उदयसिंहाने मोबाइल काढला. “चूक झाली मालक,” बिरप्पाने सुरुवात केली, “पुन्हा…”

“थांबा,” उदयसिंह म्हणाला.

तो मोबाइलकडे बघत होता. त्याला लाज वाटली, की आधीच खोटं म्हणून जाहीर झालेल्या माफीचा व्हिडिओ दाखवून आपलंच हसं होईल असं वाटलं, हे मला आजही सांगता येणार नाही. त्याने मोबाइल खिशात टाकला, जा मामा, गेटवर बसा, म्हणाला आणि गाडी काढून निघून गेला.

लग्न दिवाळीनंतर धरलं आहे. कुंडलिकराव आवाज बारीक करूनच फोन करतात. उदयसिंह पूर्वीसारखाच मामा म्हणतो, त्या दिवसाचं नाव काढत नाही. पण त्या सकाळी गॅलरीत किती माणसं होती आणि त्यांतल्या कोणाच्या हातात मोबाइल होता, ते कोणालाच माहीत नाही. रोज सकाळी मी शटर वर केलं की बिरप्पा दुकानात येतो, स्टुलावर बसतो आणि हळूच विचारतो, “मालक, बघा की, कुटं आलोय का मी?”

मी मोबाइल उघडतो, सगळे ग्रुप खालीवर करतो आणि नाही म्हणून सांगतो. त्याला माहीत नाही, पण तो विचारायच्या आधी, शटर उघडायच्याही आधी, मी घरी उठल्याउठल्या तेच बघितलेलं असतं.